छोट्या कुत्र्याचा पहिला विमानप्रवास, मुंबईहून: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईहून गोवा, नागपूर, बेंगळुरू, दिल्ली असा एक-दोन तासांचा प्रवास आणि दहा किलोच्या आतला कुत्रा, एवढं गृहीत धरून ही उत्तरं लिहिली आहेत. परदेशाचं शेवटी थोडक्यात. धास्ती बहुतेकांना उड्डाणाची असते. पण घोडं अडतं ते वजनकाट्यावर, कागदपत्रांत आणि सवय नसलेल्या बॅगेत, म्हणून त्या तिन्हींवर जरा जास्त शाई खर्च केली आहे.

१. कुठल्या विमानात कुत्र्याला जवळ घेऊन बसता येतं?

मुंबईहून मुख्यतः अकासा एअर आणि एअर इंडिया. इंडिगो पाळीव प्राणी घेत नाही. दिव्यांग प्रवाशासोबतचा प्रशिक्षित सहाय्यक कुत्रा तेवढा चालतो. 'याच्याशिवाय मला करमत नाही, घाबरायला होतं' असं डॉक्टरांचं पत्र आणून घरचा कुत्रा सहाय्यक ठरत नाही, तो खटाटोप करू नका.

अकासाने नोव्हेंबर २०२२ मध्ये प्राणी घ्यायला सुरुवात केली तेव्हा केबिनची मर्यादा ७ किलो होती, पुढे ती १० किलो झाली. एअर इंडियाची मर्यादा आणि बॅगेची मापं वेगळी आहेत आणि तीही बदलत आली आहेत. सोसायटीतल्या कुणी गेल्या वर्षी नेलं होतं तेव्हाचा आकडा धरून चालू नका. तिकीट काढाल त्या दिवशी कंपनीच्या संकेतस्थळावरचा नियम वाचा आणि त्याचा स्क्रीनशॉट फोनमध्ये ठेवा.

२. आधी माझं तिकीट काढू की आधी कुत्र्याचं विचारू?

आधी विचारा. एका विमानात केबिनमध्ये एक-दोनच प्राणी घेतात, आणि ती जागा तुमचं तिकीट काढताना आपोआप राखली जात नाही. कंपनीला फोन करून त्या तारखेच्या, त्या विमानात जागा आहे का ते पाहा, मग लगेच तिकीट काढा आणि त्याच दिवशी कुत्र्याची नोंद करून घ्या. फोनवर जात, वय, बॅगेसकट वजन आणि बॅगेची लांबी-रुंदी-उंची विचारतात, तेव्हा मापं हाताशी ठेवा. 'हो, झालं' एवढ्यावर फोन ठेवू नका, मंजुरीचा ईमेल मागून घ्या. काउंटरवर तोच कामाला येतो.

ऑनलाइन चेक-इन अशा तिकिटाला सहसा होत नाही. जागा बहुधा मागच्या रांगेत आणि खिडकीजवळ मिळते. आपत्कालीन दाराच्या रांगेत तर मिळणारच नाही.

३. आमची पॉमेरेनियन सहा किलोची आहे, मग काळजी नाही ना?

मर्यादा कुत्र्याची नसते. कुत्रा, बॅग, आतली चादर आणि शू शोषणारं पॅड या सगळ्यांची मिळून असते. मऊ कापडी बॅग एक ते दीड किलोची भरते, कडक प्लास्टिकचा डबा दोन किलोंच्या पुढे जातो. म्हणजे सहाची कुत्री काट्यावर साडेसात-आठ दाखवते. सात किलोच्या मर्यादेत ती नापास, दहाच्या मर्यादेत आरामात पास.

घरच्या वजनकाट्यावर कुत्र्याला छातीशी धरून उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं, ही पद्धत अंदाजापुरती ठीक. त्यात दोन-तीनशे ग्रॅम इकडचे तिकडे होतात. कुत्र्याला बॅगेत बसवून, बॅगेची चेन (झिप) लावून, वाण्याच्या किंवा रद्दीवाल्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवा, आणि मर्यादेपेक्षा किमान अर्धा किलो कमी भरेल असं पाहा. जास्त भरत असेल तर आधी बॅग बदला. प्रवासासाठी म्हणून कुत्र्याला आठवडाभर उपाशी ठेवणं हा मार्ग नव्हे.

४. बॅग कशी घ्यावी?

मऊ, हवेशीर आणि बुडाला कडक पाट असलेली. तीन बाजूंना जाळी हवी, कारण समोरच्या सीटखाली सरकवल्यावर एक-दोन बाजू झाकल्या जातात. चेन स्वतःहून सरकते का ते नाकाने ढकलल्यासारखं करून पाहा. हुशार कुत्री ती दहा मिनिटांत उघडतात. दोन्ही चेन एकमेकींना अडकवायची छोटी कडी असेल तर उत्तम. आत हार्नेसला (छातीभोवतीच्या पट्ट्याला) अडकवायचा आखूड पट्टा असावा.

कुत्र्याला आत बसून वळता आलं पाहिजे, अंग टाकता आलं पाहिजे. बॅग कंपनीच्या मापात बसते पण कुत्रा बॅगेत मावत नाही, अशी गत लांब पाठीच्या डॅशहुंडची हमखास होते. पाठीवर अडकवायची, पुढे गोल पारदर्शक खिडकी असलेली बॅग दिसायला छान, पण सीटखाली आडवी जात नाही आणि आत उकडतं. ती फिरायला ठेवा.

पाटावर एक पी पॅड, त्यावर तुमचा न धुतलेला जुना टी-शर्ट. नवी कोरी गादी नको, तिला घराचा वास नसतो.

५. बॅगेची सवय किती दिवस आधीपासून लावायची?

चार आठवडे धरा. आधीच बाहेर रमणारा कुत्रा असेल तर कमी लागतील, पण तिकीट काढल्यावर बॅग मागवून आदल्या दिवशी कुत्र्याला आत कोंबणं म्हणजे विमानात दोन तास भुंकण्याची तयारी.

पहिला आठवडा बॅग उघडी, हॉलमध्ये, सोफ्याशेजारी. खाऊ आणि रोजचं जेवण तिच्यातच द्यायचं, चेनला हात लावायचा नाही. दुसऱ्या आठवड्यात दहा सेकंद चेन लावा, उघडा, बक्षीस द्या. मग एक मिनिट, पाच मिनिटं. कुत्रा शांत असतानाच चेन उघडायची. कुंईकुंई केल्यावर उघडली की तो तेवढंच शिकतो. तिसऱ्या आठवड्यात बॅग डायनिंगच्या खुर्चीखाली सरकवून तुम्ही वर बसा, पाय शेजारी ठेवून. समोर मिक्सर किंवा व्हॅक्यूम क्लीनर चालू राहू दे. चौथ्या आठवड्यात बॅग घेऊन लिफ्ट, मग रिक्षातून चक्कर, शेवटी तास-दीड तासाचा टॅक्सीप्रवास. पश्चिम द्रुतगती मार्गावरची संध्याकाळची कोंडी या कामाला अगदी योग्य.

तिसऱ्या आठवड्याअखेरही कुत्रा लाळ गाळत असेल, जाळी ओरबाडत असेल, तर तारीख पुढे ढकला किंवा गाडीने, रेल्वेने जा (प्रश्न १४).

६. कागदपत्रं नेमकी कोणती लागतात?

दोन मुख्य. एक, लसीकरणाचं पुस्तक, ज्यात रेबीजची चालू लस औषधाच्या स्टिकरसह नोंदलेली आहे. दोन, प्रवासास योग्य असल्याचं पशुवैद्याचं प्रमाणपत्र, ज्याला सगळे 'फिट टू फ्लाय' म्हणतात. त्यावर कुत्र्याची जात, रंग, लिंग, वय, वजन, लसीच्या तारखा, डॉक्टरांची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक हवा. ते प्रवासाच्या किती दिवस आधीपर्यंतचं चालतं हे कंपनीनुसार वेगळं, त्यामुळे शेवटच्या दोन-तीन दिवसांत काढलेलं सुरक्षित. नेहमीचे डॉक्टर देतात. परळच्या बैलघोडा हॉस्पिटलमध्येही चौकशी करता येईल, फक्त हातात सकाळ मोकळी ठेवून जा. काउंटरवर कंपनीचा जबाबदारीचा अर्जही भरून घेतात.

अडचणी ठरलेल्या आहेत. रेबीजची वार्षिक तारीख प्रवासाच्या दोन दिवस आधीच उलटलेली. आठवड्यापूर्वीच घेतलेली पहिलीच लस (ती ग्राह्य धरायला साधारण २१ दिवस जावे लागतात). बुकिंगमध्ये 'शिह त्झू' आणि प्रमाणपत्रावर 'ल्हासा अप्सो'. आणि मूळ पुस्तक नवऱ्याच्या बॅगेत, जो पुढच्या विमानाने येतोय. मूळ कागद आणि दोन-तीन झेरॉक्स कुत्र्यासोबतच्याच पिशवीत ठेवा. महापालिकेचा श्वान परवाना विमानासाठी मागत नाहीत, पण तो असायला हवाच.

७. पिल्लू किती महिन्यांचं झालं की नेता येतं?

आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू कंपन्या घेत नाहीत. खरी अट मात्र लसीची आहे. रेबीजची पहिली लस साधारण बारा आठवड्यांना देतात, त्यावर २१ दिवस धरले की हिशेब पंधरा आठवड्यांवर जातो. चार महिने पूर्ण होईपर्यंत थांबा असं आम्ही सांगू. पूर्ण लसीकरण न झालेलं पिल्लू विमानतळाच्या गर्दीत नेण्यात पार्व्होचा (पिल्लांच्या जिवावर बेतणाऱ्या संसर्गजन्य आजाराचा) धोका आहे, आणि तो प्रमाणपत्राने टळत नाही.

८. पग, शिह त्झू, फ्रेंच बुलडॉग चालतात का?

केबिनमध्ये कंपनीने होकार दिला आणि डॉक्टरांनी तपासून सांगितलं तर. सामानाच्या कप्प्यात मुळीच पाठवू नका, एखादी कंपनी घेत असली तरी.

कारण असं: कुत्रा घामाने नव्हे, धापा टाकून अंग गार करतो. चपट्या नाकाच्या जातींत नाकपुड्या अरुंद आणि मऊ टाळू लांब, त्यामुळे धापा टाकूनही हवा पुरेशी आत जात नाही. ताण आला की श्वास वाढतो, श्वासनलिकेचं तोंड सुजतं, आणखी कमी हवा जाते, अंग आणखी तापतं. त्यात केबिनमधला हवेचा दाब समुद्रसपाटीचा नसतो, सहा ते आठ हजार फूट उंचीवर असावा तेवढा असतो. निरोगी कुत्र्याला तो जाणवतही नाही. घोरणाऱ्या, जिना चढून थांबणाऱ्या पगला जाणवतो. जायचंच असेल तर पहाटेचं विमान घ्या आणि एप्रिल-मे टाळा.

म्हाताऱ्या छोट्या कुत्र्यांचंही इथेच सांगतो. दहा वर्षांच्या पुढच्या पॉमेरेनियन, डॅशहुंडमध्ये हृदयाच्या झडपेचा आजार सर्रास आढळतो. डॉक्टरांना स्टेथोस्कोप लावून नीट ऐकायला सांगा. पॉमेरेनियनची श्वासनलिकाही नाजूक असते, तिला गळपट्टा नको, हार्नेस घाला.

९. झोपेची गोळी देऊ का?

नको. गुंगीच्या औषधाने रक्तदाब उतरतो, अंगाचं तापमान सांभाळण्याची क्षमता कमी होते आणि कुत्र्याचा तोल जातो; वर आकाशात तपासायला डॉक्टर नसतात. गुंगी दिलेला प्राणी काउंटरवर दिसला तर कंपनी नाकारूही शकते. फार घाबरट कुत्र्यासाठी काही डॉक्टर सौम्य औषध लिहून देतात. ते दिलंच तर आधी एका सुट्टीच्या दिवशी घरी देऊन परिणाम पाहायचा. गाडीत ओकणाऱ्या कुत्र्यासाठी मॅरोपिटंट हे वेगळं औषध आहे, त्याने गुंगी येत नाही. तेही डॉक्टरांनी वजनावरून ठरवायचं. माणसांच्या डब्यातली उलटीची गोळी अर्धी करून देऊ नका.

१०. खाणं, पाणी आणि शी-शूचं काय?

वाढ पूर्ण झालेल्या कुत्र्याला उड्डाणाआधी चार ते सहा तास जेवण नको. समजा विमान सकाळी दहाचं आहे: रात्री नेहमीचं जेवण, पहाटे पाचला नेहमीच्या एक तृतीयांश, त्यानंतर फक्त घोट-घोट पाणी. पाणी तोडू नका. दोन किलोच्या आतले चिवावा आणि लहान पिल्लं याला अपवाद: त्यांची साखर पटकन उतरते, म्हणून दर तीन तासांनी थोडं खाणं चालू ठेवा.

शूसाठी गेटच्या आत शिरण्याआधी बाहेर वीस मिनिटं फिरवा. एकदा आत गेलात की परत बाहेर येणं कटकटीचं. गवताची सवय असलेला कुत्रा फरशीवर करतच नाही, म्हणून आधीचे दोन आठवडे घरात पी पॅडवर करायला शिकवा. पॅडला त्याच्याच शूचा वास लावलेला असला की लवकर शिकतो. विमानतळाच्या स्वच्छतागृहात पॅड पसरून काम भागतं.

११. घरून किती आधी निघावं? आणि रिक्षा-टॅक्सीवाले नेतात का?

उड्डाणाआधी तीन तास विमानतळावर. काउंटरवर वजन, कागद तपासणे, अर्ज, पैसे भरणे यातच पाऊण तास जातो, आणि कधी वरिष्ठ अधिकाऱ्याला बोलावून आणेपर्यंत आणखी. अॅपची टॅक्सी असेल तर चालकाला आधी फोन करून 'बॅगेत छोटा कुत्रा आहे' असं सांगा. दारात येऊन नकार मिळण्यापेक्षा फोनवर मिळालेला बरा.

हल्ली एक नवी गडबड होते. नवी मुंबई विमानतळ डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झाला, तेव्हा तिकिटावर मुंबईचा कोड बीओएम आहे की नवी मुंबईचा एनएमआय, ते पाहा. बीओएम असेल तर टर्मिनल १ की २, तेही. कुत्रा, बॅग आणि सामान घेऊन चुकीच्या ठिकाणी उतरलात तर तीन तासही पुरत नाहीत.

१२. सुरक्षा तपासणीत कुत्रा मशीनमधून जातो का?

नाही, कधीच नाही. रिकामी बॅग एक्स-रेमधून जाते, कुत्रा तुमच्या कडेवर धातुशोधक चौकटीतून. पळून जाण्याचा सगळ्यात मोठा धोका याच दोन मिनिटांत असतो: ट्रे आदळतात, चौकट वाजते, अनोळखी हात अंगावर येतात.

रांगेत शिरतानाच सीआयएसएफच्या जवानाला सांगा. लॅपटॉप, फोन, पट्टा, घड्याळ आधी ट्रेमध्ये टाकून मोकळे व्हा, कुत्र्याला सगळ्यात शेवटी बाहेर काढा. धातूची साखळी घरीच ठेवा, प्लास्टिकच्या बकलांचा हार्नेस घाला. एक हात छातीखाली, दुसऱ्या हाताची दोन बोटं हार्नेसमध्ये अडकवलेली. कुत्रा उसळणारा असेल तर बंद खोलीत तपासणी करता येईल का ते विचारा. बरोबर दुसरं माणूस असेल तर त्याने पुढे जाऊन बॅग उघडून धरावी.

१३. विमानात भुंकला, धापा टाकायला लागला, तर?

बॅगेची चेन पूर्ण प्रवासभर बंद आणि बॅग समोरच्या सीटखाली, हा नियम. मांडीवर घ्यायचं नाही, 'फक्त पाच मिनिटं'ही नाही. भुंकायला लागला तर जाळीवर पातळ सुती ओढणी टाका, एक बाजू उघडी ठेवून. चेनच्या फटीतून बोटं आत सोडून अंगाला हात लावा. बहुतेक कुत्री उड्डाणानंतर इंजिनाच्या एकसुरी आवाजात झोपतात. विमान खाली येताना कानात दडे बसतात, तेव्हा चघळायला काहीतरी द्या, गिळल्याने दाब मोकळा होतो.

थोड्या धापा ठीक. पण हिरड्या निळसर किंवा राखाडी, जीभ जांभळी, लाळेच्या तारा, डोळे शून्यात, असं दिसलं तर लाजत बसू नका, बटण दाबून कर्मचाऱ्यांना बोलावा, बॅग उघडू द्यायची परवानगी मागा, वरची हवा त्याच्याकडे वळवा, पोट आणि पंजे ओल्या कपड्याने पुसा. बर्फ नको.

शेजाऱ्याने तक्रार केली किंवा त्याला अॅलर्जी असेल तर कर्मचारी जागा बदलून देतात, आणि उठावं तुम्हालाही लागू शकतं.

१४. वजन मर्यादेबाहेर गेलं. सामानाच्या कप्प्यातून पाठवावं का?

कायमचं बिऱ्हाड हलवत असाल आणि दुसरा मार्ग नसेल तर. चार दिवसांच्या गोव्यासाठी आमचं उत्तर नाही असंच आहे. कुत्र्याला ओळखीच्या घरी ठेवा.

कप्प्यातही हवेचा दाब राखलेला असतो. त्रास होतो तो धावपट्टीजवळ उन्हात वाट पाहताना. पिंजरा कडक हवा आणि आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेच्या मापाचा. ती मापं अशी काढा: नाकापासून शेपटीच्या बुंध्यापर्यंतच्या लांबीत जमिनीपासून कोपरापर्यंतच्या उंचीची निम्मी मिळवली की पिंजऱ्याची लांबी, खांद्यांच्या रुंदीची दुप्पट म्हणजे रुंदी, उभा असताना डोक्याची किंवा कानाच्या टोकाची जी जास्त ती उंची, वर अंथरुणाची जाडी. लांबी ४५, कोपर १८, खांदे १६, उंची ३८ सेंटिमीटर असेल तर पिंजरा आतून किमान ५४ बाय ३२ आणि अंथरूण धरून ४१ उंच.

रेल्वेचा पर्याय विसरू नका. प्रथम श्रेणी वातानुकूलितमध्ये दोन बर्थचा कूपे किंवा चार बर्थची केबिन पूर्ण आपल्या नावावर असेल तर पार्सल ऑफिसात नोंद करून कुत्रा सोबत नेता येतो.

१५. पावसाळ्यात विमान लांबलं किंवा भलतीकडेच उतरलं तर?

जून ते सप्टेंबर हे धरूनच निघा. हातातल्या पिशवीत चोवीस तासांचं कोरडं खाणं, घडीचं भांडं, चार पॅड, ओले टिश्यू, कचऱ्याच्या पिशव्या, रोजचं औषध. मोठ्या सामानात टाकलेलं खाणं त्या वेळी हाती लागत नाही. दुसऱ्या विमानात बसवत असतील तर कुत्र्याची नोंद तिकडे गेली आहे ना, हे स्वतः विचारा, आपोआप गेली असेल असं समजू नका.

१६. सगळं नीट असूनही नाकारू शकतात का?

हो. शेवटचा शब्द वैमानिकाचा. आक्रमक, आजारी किंवा दुर्गंधी येणारा प्राणी काउंटरवरच थांबवतात. गाभण कुत्री घेत नाहीत, माजावर असेल तर आधी विचारा. नसबंदीचे टाके निघून डॉक्टरांनी मोकळं केल्याशिवाय नेऊ नका.

१७. परतीला तेच प्रमाणपत्र चालेल?

मुदतीत असेल तर. तीन दिवसांत परतणार असाल तर निघतानाच कंपनीला विचारून घ्या. आठवडाभर राहणार असाल तर तिकडच्या पशुवैद्याची वेळ मुंबईतूनच ठरवून ठेवा, कारण रविवारी संध्याकाळचं विमान असेल तर शनिवारी दुपारनंतर डॉक्टर शोधत फिरावं लागतं. परतीच्या विमानात कुत्र्याची नोंदही वेगळी करावी लागते, आणि सुट्टीत लाड होऊन वाढलेलं वजनही पुन्हा काट्यावर जातं (प्रश्न ३).

१८. परदेशी न्यायचं आहे, हेच नियम का?

नाही, ते वेगळंच प्रकरण, आणि तयारी महिन्यांची. मुंबईतल्या केंद्र सरकारच्या प्राणी संगरोध (क्वारंटाइन) कार्यालयाचं निर्यात प्रमाणपत्र लागतं. युरोपीय संघासाठी आधी मायक्रोचिप, मग रेबीजची लस, लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्तातल्या रेबीजविरोधी प्रतिपिंडांची तपासणी (०.५ आंतरराष्ट्रीय एककं प्रति मिलिलिटर किंवा जास्त), आणि रक्त घेतल्यापासून तीन महिने थांबणं. चिपच्या आधी टोचलेली लस धरत नाहीत, तिथे सगळं पहिल्यापासून करावं लागतं. ब्रिटनला विमानाने जाणारा पाळीव कुत्रा केबिनमध्ये नेता येत नाही, तो कार्गोनेच पाठवावा लागतो. अमेरिकेत रेबीजच्या दृष्टीने भारत धोक्याच्या देशांत मोडतो, आणि ऑगस्ट २०२४ पासून सहा महिन्यांच्या आतला कुत्रा तिथे आत घेत नाहीत.